सिग्नल सर

आमच्या सरांना लाल आणि हिरवा यांतला फरक दिसत नसे, आणि एम.ए.च्या वर्गाला ते अमेरिकन कथांमधले रंग शिकवत.

हे त्यांनी कधी लपवलं नाही. पहिल्याच तासाला आत आले, हजेरी घेतली नाही, पुस्तक उघडलं नाही. टेबलाला टेकून म्हणाले, "मला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा पास झालो. पळण्याची झाली, वजनाची झाली. मग डॉक्टरांनी ठिपक्यांचं एक पुस्तक समोर ठेवलं. बाकीच्या पोरांना त्यात आकडे दिसत होते. मला नुसते ठिपके. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, भाऊ, तू गाडी चालवशील, पण थांबवशील कधी? मग मी इंग्रजीकडे आलो."

वर्ग हसावं की नाही या विचारात असताना त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात एकच शब्द लिहिला, 'काऊन', चंद्रपूरकडचं 'का', आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं. "हा या पेपरचा अभ्यासक्रम," ते म्हणाले.

वरच्या वर्गातल्या मुलांनी त्यांचं नाव सिग्नल सर ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं. कधी कधी फोन उचलल्यावर स्वतःच म्हणत, "हां, सिग्नल बोलतोय." चंद्रपूरच्या चौकात ते आपल्या जुन्या स्कूटीवर दिव्याकडे न बघता आजूबाजूच्या माणसांकडे बघत उभे राहायचे. बाकीचे निघाले की हे निघणार. एकदा मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला, तर यांनी स्कूटी स्टँडवर लावली, ट्रकपाशी गेले आणि अगदी मनापासून विचारलं, "भाऊ, कोणता लागला आहे?" ट्रकवाल्याला वाटलं हा माणूस आपली टर उडवतोय. तो खाली उतरला. पुढचं भांडण आमच्या वर्गातल्या एका मुलाने सोडवलं, म्हणून आम्हाला कळलं.

सर मूळचे सिरोंच्याकडचे. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि पोटाला इंग्रजी, असं ते सांगत. आकडे मोजताना तेलुगूत मोजायचे. 'काऊन' मात्र त्यांनी चंद्रपुरात उचललं होतं, आणि तो शब्द त्यांना इतका आवडला होता की प्राचार्यांच्या सभेतसुद्धा ते त्याच्याशिवाय बोलत नसत. विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत. वीस वर्षांच्या पोरालाही 'भाऊ' आणि पोरीलाही 'बाई'. शर्ट फक्त पिवळे किंवा निळे. "या दोन रंगांत मला कोणी फसवू शकत नाही," ते म्हणत. "बाकी दुकानदार जे सांगेल ते." नव्या नोकरीत असताना उत्तरपत्रिकांचा एक आख्खा गठ्ठा त्यांनी लाल समजून हिरव्या पेनाने तपासला होता. ऑफिसात गडबड उडाली, कारण हिरवं पेन फक्त प्राचार्य वापरायचे. तेव्हापासून सर निळ्या पेनाने तपासत आणि पानाच्या कडेला चूक-बरोबर काही न लिहिता जागोजागी 'काऊन?' असं लिहून ठेवत.

त्यांच्या वर्गात 'म्हणजे' या शब्दाला बंदी होती. आम्ही सगळे बाजारातल्या गाईडवर वाढलेलो. गाईडमध्ये शेवटच्या पानावर रंगांचे अर्थ छापलेले असत. लाल म्हणजे धोका, पांढरा म्हणजे पावित्र्य, काळा म्हणजे मृत्यू, हिरवा म्हणजे आशा. ते पाठ केलं की कोणतीही कथा येवो, पेपर सुटायचा. सरांनी नियम केला की जो 'लाल म्हणजे' असं बोलेल त्याने उठायचं, बाहेर जायचं आणि लाल रंगाची एक वस्तू घेऊन यायचं; बाकी रंगांनाही तेच.

पहिला गेला तो भद्रावतीचा एक मुलगा. तो बांधकामावरून वीट घेऊन आला.

"लाल आहे ना नक्की?" सरांनी वर्गाला विचारलं. वर्गाने हो म्हटलं. "बरं. भाऊ, यात धोका कुठे आहे?"

"डोक्यात घातली तर आहे, सर."

सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "मग तो तुमच्या हातात आहे. विटेत नाही. गोष्टीतही तेच बघायचं. वीट कोणाच्या हातात आहे, आणि काऊन?"

अशाने आमच्या वर्गाच्या खिडकीत एक संग्रहालयच जमलं. वीट, वाळलेली मिरची, कोळशाचा तुकडा, कोणाच्या तरी सायकलचा फाटकं सीट कव्हर. एका गोष्टीत रानात शिरलेल्या नवऱ्याला बायकोच्या टोपीची गुलाबी फीत सापडते. त्या दिवशी एक मुलगी खरोखर गुलाबी रिबन घेऊन आली, आणि सरांनी ती प्रत्येकाच्या हातात देऊन विचारलं, "ही तुमच्या घरच्या माणसाची आहे, आणि जिथे असायला नको तिथे सापडली आहे. आता बोला." सगळ्यात बडबड्या मुलाने ती घडी करून पुढच्याच्या हातात ठेवली. गुलाबी म्हणजे काय, ते त्यानंतर कोणी विचारलं नाही.

पांढऱ्याची पाळी आली तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं. कोणीतरी 'पांढरा म्हणजे पवित्र' म्हणालं होतं आणि नियमाप्रमाणे बाहेर जाऊन धुतलेला रुमाल घेऊन आलं होतं. मी म्हणाले, "सर, मी घुग्घुसची आहे. आमच्याकडे पांढरा कपडा दोरीवर वाळेपर्यंत पांढरा राहत नाही. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला सिमेंट. पांढरं म्हणजे... माफ करा, पांढऱ्याचा आमच्याकडे अर्थ एवढाच की आता पुन्हा धुवावं लागणार."

"हे चांगलं आहे," सर म्हणाले. "कोण धुणार, ते सांगा."

"बाई."

"लिहून ठेवा."

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडे तं पांढरं विधवेचं असते, सर," आणि बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघून गप्प झाला. माझा नवरा जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. सरांना मात्र ती शांतता कशाची ते कळलंच नाही. माझं कपाळ कोरं आहे की त्यावर कुंकू आहे, हे त्यांना लांबून दिसत नसे. ते आपले वाट बघत राहिले, मग म्हणाले, "काऊन थांबलात? पुढे बोला." त्या वर्गात बसायला मला बरं वाटू लागलं ते त्या दिवसापासून. बस स्टँडवर, गल्लीत, लग्नाच्या मांडवात माणसं आधी माझ्या कपाळाकडे बघत आणि मग तोंडाकडे. हा एकच माणूस सरळ तोंडाकडे बघत होता.

फाल्गुनात त्यांनी आम्हाला जंगलाच्या रस्त्याला पळस बघायला नेलं. तिथे पोचल्यावर म्हणाले, "मला ही झाडं चिखल फेकल्यासारखी दिसतात. लोक यांच्यासाठी वेडे होतात. आज तुम्ही मला पळस दाखवा. पण लाल, केशरी, नारंगी, असा कोणताही रंग उच्चारायचा नाही." आम्हाला वाटलं सोपं आहे. तास गेला. निखारा, आग, ज्वाला, सगळं सांगून झालं. सर मान हलवत. "आग मला दिसते. आग गरम आहे. हे फूल गरम आहे का?" नाही. शेवटी बल्लारपूरची एक मुलगी कंटाळून म्हणाली, "सर, घरात कोणी वारलं असताना शेजारी बँड वाजत असतो ना, तसं दिसते. एकही पान नाही अन् एवढी फुलं." सर त्या झाडाकडे पुष्कळ वेळ बघत राहिले. म्हणाले, "आता दिसलं." आणि सगळ्यांना चहा पाजला.

हे सगळं मी गमतीने सांगतेय, पण माणूस सोपा नव्हता. एकदा हट्टाला पेटला की प्राचार्य, परीक्षा विभाग, घरचे, कोणाचं ऐकत नसे. अमेरिकन कथेचा पेपर बंद करून त्याजागी व्यवहारोपयोगी इंग्रजी आणायचं कॉलेजने ठरवलं होतं. हे प्रत्येक सभेत उभे राहून 'काऊन?' विचारत राहिले, इतकं की शेवटी लोकांनी तो विषय काढणंच सोडलं.

पिवळ्या रंगाची गोष्ट त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. त्या दिवशी पिवळा शर्ट घालून आले. गोष्ट त्यांनी मराठीतच सांगितली. एक बाई, नुकतीच बाळंत झालेली. मन ठिकाणावर नाही. नवरा स्वतः डॉक्टर. तो म्हणतो, तुला काहीही झालेलं नाही, विश्रांती घे. तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवतात. लिहायला बंदी, माणसांत यायला बंदी. त्या खोलीच्या भिंतींवर पिवळा कागद चिकटवलेला. ती दिवसरात्र त्या पिवळ्याकडे बघत राहते, आणि तिला त्यामागे कोणीतरी कोंडलेलं दिसू लागतं.

"आता सांगा," सर म्हणाले. "पिवळा बघितल्यावर तुम्हाला काय आठवतं? विचार करू नका, बोला."

हळद आली. वरण आलं, झेंडू आला, शाळेची बस आली. माझ्यापर्यंत पाळी आली आणि माझ्या तोंडून गेलं, "डोळे."

"कोणाचे?"

"माझ्या नवऱ्याचे."

सरांनी खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर येऊन बसले.

"काय झालं होतं त्यांना?"

"कावीळ."

"आधी काय पिवळं झालं? डोळे की नखं?"

माझ्या शेजारच्या मुलीने कपाळावर हात मारला. "काय विचारून राह्यले हे," ती पुटपुटली. पण मला वाईट वाटलं नाही. तो गेल्यापासून लोक मला सांगतच होते. देवाची मर्जी, तुझं नशीब, मन घट्ट कर. कोणी काही विचारलं नव्हतं. घरात तर त्याचं नावही निघत नसे. सासूबाई आणि मी एका छपराखाली राहत होतो, एकमेकींना जेवायला वाढत होतो, आणि त्याच्याविषयी एक अक्षर बोलत नव्हतो. मी त्या दिवशी वर्गात सगळं सांगितलं. सर मध्ये मध्ये विचारत राहिले आणि मी सांगत राहिले.

तास संपल्यावर ते म्हणाले, "बाई, तुमचा प्रकल्प हाच."

"सर, हे कुठे अभ्यासक्रमात आहे?"

"गोष्ट अभ्यासक्रमात आहे. ती तुम्ही वाचली. वाचणाऱ्याला बाहेर ठेवून वाचन होते काय?"

माझा नवरा घुग्घुसच्या खाणीवर ठेकेदाराकडे कामाला होता. आमची चहा-पोह्याची टपरी, ती सासूबाई चालवायच्या, अजूनही चालवतात. तो आजारी पडला तेव्हा नदीपलीकडच्या गावात काविळीचं औषध देणारा एक वैदू होता. सगळे त्याच्याकडेच जात. त्याने याच्या हातांना काहीतरी चोळलं, परातीत चुन्याचं पाणी घेतलं आणि त्यात हात धुवायला लावले. पाणी पिवळंजर्द झालं. "निघाली पाहा कावीळ," वैदू म्हणाला. घरी रोज असंच करायला म्हणून त्याने पुड्या दिल्या. रोज सकाळी सासूबाई परात मांडायच्या, हातांना ती पूड चोळायच्या, पाणी पिवळं व्हायचं, आणि सगळ्यांच्या जिवाला बरं वाटायचं. तो मला म्हणायचा, "मले दवाखान्यात न्या." मी सांगितलं. दिराला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. सगळे म्हणाले, निघून तर राह्यली आहे, पाणी पाहा ना. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तो माणसं ओळखत नव्हता.

प्रकल्पात मी हेच लिहिलं. गोष्टीतल्या घरात त्या बाईला काय होतंय ते सगळे ठरवतात, तिला कोणी विचारत नाही. आमच्या घरी सगळे परातीत बघत होते. तो काय म्हणतोय ते ऐकायला कोणी मान वर केली नाही. रंग खोटं बोलत नव्हता, पण तो ज्याच्या हातात होता त्याने त्याला बोलायला लावलं, असं मी लिहिलं. माझं इंग्रजी साधं होतं. सरांनी ते सुधारलं नाही. सगळीकडे 'काऊन?' लिहून चार वेळा परत केलं, आणि प्रत्येक वेळी मला रडू आलं, आणि प्रत्येक वेळी मी पुन्हा लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. वयस्कर, नीटनेटके, दुपारच्या गाडीने परत जायचं म्हणून घाईत. त्यांनी माझा प्रकल्प चाळला आणि विचारलं, "या कथेत पिवळा रंग कशाचं प्रतीक आहे?"

मी म्हणाले, "सर, कोणाला दिसणारा पिवळा? डॉक्टरला तो दिसतच नाही."

त्यांना तो उद्धटपणा वाटला. "हे बघा, याला साहित्याचा अभ्यास म्हणत नाहीत. संदर्भ नाहीत, समीक्षकांची मतं नाहीत. हा घरगुती दुःखाचा अर्ज आहे. मला सहानुभूती आहे, पण मी याला पास करू शकत नाही."

आमचे सर त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "काऊन?"

"काय?"

"काऊन करू शकत नाही?"

परीक्षकांनी गुणपत्रक भरलं आणि सहीसाठी पुढे सरकवलं. सरांनी पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं. "मी सही करणार नाही."

मग प्राचार्यांना बोलावलं गेलं. बाहेर मुलं दाराशी गोळा झाली. प्राचार्यांनी सरांना समजावलं, बाजूला नेलं, आवाज चढवला. सर पुन्हा येऊन त्याच खुर्चीत बसले. परीक्षकांचा तोल गेला. ते म्हणाले, "मी ऐकलंय तुम्हाला स्वतःलाच रंग दिसत नाहीत. आणि तुम्ही मला रंगांविषयी सांगणार?"

मला वाटलं सर आता तेलुगूत सुरू होतील. त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला.

"खरं आहे," ते म्हणाले. "भाजीवाल्या बाईला मी रोज विचारतो, टमाटर पिकलं का. मला विचारावंच लागतं, सर. तेवढीच माझी विद्या आहे. तुम्हीही एकदा या बाईंना विचारा. त्यांनी जे लिहिलं ते त्या इथे वाचतील. तुम्ही पूर्ण ऐका. मग भोपळा दिला तरी मी सही करतो."

परीक्षकांनी घड्याळाकडे बघितलं. मग मान डोलावली, आणि मी वाचायला लागले. मी वर बघितलं नाही. वाचून संपलं तेव्हा परीक्षक खिडकीकडे बघत होते. त्यांनी विचारलं, इंग्रजीत नाही, मराठीत, "पाणी पिवळं कशाने व्हायचं?"

"मला माहीत नाही, सर."

"हे शोधायला हवं होतं तुम्ही. बाकी सगळं लिहिलंत, आणि मुख्य गोष्ट सोडलीत." त्यांनी गुणपत्रक ओढलं, आधीचा आकडा खोडला आणि नवा लिहिला. फार मोठा नाही. पास. निघताना त्यांनी सरांकडे न बघता हात पुढे केला, आणि सरांनी तो दोन्ही हातांत धरला.

मला वाटलं आपण जिंकलो. बाहेर मुलं टाळ्या वाजवत होती. सर मात्र व्हरांड्यात येरझारा घालत होते. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "माझं चुकलं. मी इतक्या वेळा काऊन लिहिलं आणि त्या पाण्यापाशी लिहिलं नाही. घरी कोण असतं आता?"

"सासूबाई. टपरीवर."

"चला."

"आत्ता, सर?"

"काऊन? आत्ता काय झालं?"

आम्ही घुग्घुसच्या बसमध्ये बसलो. वाटभर मी त्यांना सांगत होते, की सर, त्या बोलणार नाहीत, त्या त्याचं नावही घेत नाहीत, त्यांना त्रास होईल. सर खिडकीबाहेर कोळशाच्या ट्रककडे बघत होते. म्हणाले, "नाही बोलल्या तर चहा पिऊन येऊ."

टपरीवर खाणीची पाळी सुटायच्या आधीची सामसूम होती. सासूबाई पातेलं घासत होत्या. मी म्हणाले, "आई, हे आमचे सर. मी पास झाले." त्यांनी डोक्यावर पदर घेतला, खुर्ची फडक्याने पुसली, चहा ठेवला. मग मला विचारलं, "काय लिवलं होतं वं तूनं?"

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी माझ्या शिक्षणाबद्दल पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी सरांकडे बघितलं. सर चहाकडे बघत होते. मी तिथे, स्टोव्हच्या आवाजात, मराठीत सांगायला सुरुवात केली. ती परदेशातली बाई, तिची खोली, तो कागद. आणि मग आमचं घर. मी परातीचं सांगितलं, 'मले दवाखान्यात न्या' सांगितलं. सासूबाईंनी स्टोव्ह बंद केला.

"त्याचे नखं पिवळे झाले होते पयले," त्या म्हणाल्या. "डोये मंग झाले. तुले मालूम नाई. मी त्याचे नखं कापले होते."

सर म्हणाले, "बाई, एक विचारू? ते पाणी पिवळं कशाने होत होतं?"

मला वाटलं त्या उठून आत जातील. त्या आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"तेरवी झाली," त्या म्हणाल्या. "पाव्हने गेले. मी पेटी आवरून राह्यली होती, तं दोन पुड्या सापडल्या. उरल्या होत्या. मी परात घेतली, चुना कालवला, अन् एक पुडी मायाच हाताले चोळली. धुतलं. पिवळं झालं, मास्तर. तसंच. माया पोराचं होत होतं तसंच. मले तं काईच नव्हतं झालं."

ट्रक गेला. धूळ टपरीत आली. मला एवढंच कळत होतं, की हे या बाईने एकटीने उराशी धरलं होतं, रोज पोहे परतताना, रोज मला वाढताना.

"कोणाला सांगितलं नाही?" सरांनी विचारलं.

"कोनाले सांगू? मीच तं नेलं होतं त्याले. मीच चोळत होती."

"तो वैदू अजून बसतो?"

"बसते ना. रविवारी लाइन लागते. इथूनच जातेत सारे, माया टपरीवरून. चहा पिऊन जातेत."

"आणि दुसरी पुडी?"

सासूबाईंनी सरांकडे बघितलं. मग माझ्याकडे. त्या उठल्या, टपरीमागच्या खोलीत गेल्या, आणि पत्र्याच्या पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. परत आल्या तेव्हा एका हातात कागदाची चुरगळलेली पुडी होती आणि दुसऱ्या हातात परात. पानाच्या डब्यातला चुना त्यांनी बोटाने काढून परातीत टाकला. सरांनी तांब्या उचलला आणि पाणी ओतलं.

तेवढ्यात खाणीची पाळी सुटली. मोटारसायकली एकामागे एक येऊन थांबू लागल्या, काळ्या तोंडांची पोरं उतरून चहा मागू लागली. रोजची, ओळखीची पोरं. त्यातली काही माझ्या नवऱ्याबरोबर काम केलेली. सासूबाईंनी कोणालाच चहा दिला नाही. परात त्यांनी बाकावर ठेवली, भर उजेडात, पदर कमरेला खोचला आणि पुडी फोडून दोन्ही हातांना चोळली, कोपरापर्यंत.

"काय करून राह्यली, मावशी?" एकाने विचारलं.

"जवळ या," त्या म्हणाल्या. "सारे या. पाहून घ्या."

त्यांनी हात पाण्यात बुडवले आणि सावकाश धुतले. पाणी पिवळं होत गेलं. मग त्यांनी दोन्ही हात वर उचलून धरले, पाणी निथळत असताना, आणि त्या पोरांच्या तोंडांकडे एकेक करून बघत विचारलं, "आता सांगा. मले कावीळ हाय काय?"